फोटोतलं नाणं वाजवून घेता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवतात, पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. मुलीला त्यांना शिवराई भेट द्यायची आहे. इन्स्टाग्रामवर एकाने जाहिरात टाकली आहे, ‘अस्सल शिवकालीन शिवराई, प्रमाणपत्रासह, फक्त ४,९९९’, आणि सोबत ‘१८१८ सालचा ईस्ट इंडिया कंपनीचा रामदरबार आणा’ मोफत. पैसे आगाऊ, यूपीआयने. घ्यावं का? आणि इथून नाही, तर ऑनलाइन नाणं घ्यायचं कसं?

इथून घेऊ नका. कारण त्या फुकटच्या नाण्यातच आहे. राम, लक्ष्मण, सीता, हनुमान असलेलं आण्याचं नाणं कंपनीने कधीही पाडलं नाही. १८१८ मध्ये कंपनीची मुंबई, मद्रास आणि बंगालची चलनं वेगवेगळी होती. सगळ्या इलाख्यांना एकसारखी नाणी आली ती १८३५ पासून. रामदरबाराच्या टिकल्या, म्हणजे रामटंका, ही पूजेत ठेवायची जुनी परंपरा आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यावर ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं कोरून विकणं हा अलीकडचा धंदा. मारुतीची, कमळाची, ॐची अशी कितीतरी ‘१८१८’ची नाणी बाजारात फिरताहेत. जो माणूस हे कंपनीचं नाणं म्हणून देतो, त्याला एकतर नाण्यांतलं काही कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं तो धरून चाललाय. दोन्ही प्रकारांत त्याच्याकडून शिवराई घेण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की त्याने दाखवलेली शिवराई बहुधा खरी असेल. हे नीट सांगतो, कारण या क्षेत्रात नवख्या माणसाचे सर्वांत जास्त पैसे इथेच जातात.

शिवराई हे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. राज्याभिषेक १६७४ चा. महाराजांच्या काळातली म्हणून जी शिवराई ओळखली जाते ती जाडजूड, साधारण अकरा ते तेरा ग्रॅमची असते, अक्षरांभोवती ठिपक्यांचं वर्तुळ असतं आणि अक्षराला वळण असतं. पण शिवराई महाराजांबरोबर थांबली नाही. पुढच्या छत्रपतींनी पाडली, पेशवाईत तर ठिकठिकाणच्या टांकसाळींतून पाडली गेली, आणि इंग्रजी अमलातही ती बाजारात चालत राहिली. या उत्तरकाळातल्या शिवराया वजनाने हलक्या असतात, अक्षरं धावती, कुठे ‘सिव’, कुठे ‘छत्र’चं काहीतरी भलतंच. त्यातली सर्वांत जास्त सापडणारी म्हणजे दुदांडी: ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा, म्हणून हे नाव. दुदांडी आजही काही शे रुपयांत मिळते. तीच ‘शिवकालीन’ म्हणून हजारोंत जाते.

म्हणजे तांबं खरं, नाणं खरं, लेबल खोटं. पोलिसात जाण्यासारखं काही नाही, परत करावं तर विक्रेता म्हणणार की शिवराई सांगितली, शिवराईच दिली. नाण्याच्या बाजारात खोट्या धातूपेक्षा खोट्या गोष्टीला जास्त गिऱ्हाईक आहे. म्हणून जाहिरातीत विशेषणं वाचायला लागलात की थांबा आणि फक्त चार गोष्टी शोधा: कुठल्या काळातली, वजन किती, दोन रेघा आहेत का, आणि कडेपर्यंतचा फोटो आहे का. या चारांपैकी एकही नसेल आणि ‘ऐतिहासिक’, ‘दुर्मिळ’, ‘भाग्यवान’ हे शब्द असतील, तर पुढे सरका.

होनाबद्दल विचारलं नाहीत ते बरं केलंत, तरी सांगून ठेवतो. शिवराई होन सोन्याचा, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि अस्सल होन इतका विरळा आहे की तो कुठे आहे हे अभ्यासकांना ठाऊक असतं. त्याच्या प्रतिकृती मात्र रायगडापासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे आहेत. प्रतिकृती म्हणून घेतली तर सुंदर भेट आहे. ‘आजोबांच्या पेटीत सापडला’ म्हणून कुणी देत असेल तर हात जोडा.

आता फोटोकडे. आपल्याकडे ‘नाणं वाजवून घ्यावं’ असं म्हणतात ते उगाच नाही. जुन्या काळी पोतदार नाणं पारखून घ्यायचा, झिजलेल्याला बट्टा लावायचा. वजन, कड आणि नाद या तीन गोष्टींवर त्याचं काम चाले, आणि नेमक्या याच तीन गोष्टी फोटोत येत नाहीत. चांगला विक्रेता त्या स्वतःहून देतो. नाही दिल्या तर मागा: वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो, ज्यात आकडा आणि नाणं दोन्ही दिसतील, कडेचा फोटो, आणि दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो. शेजारी चिठ्ठीवर आजची तारीख लिहायला सांगा. ही शेवटची मागणी ऐकून निम्मे ठग आपोआप गळतात, कारण नाणं त्यांच्याजवळ नसतंच, दुसऱ्याच्या पानावरून फोटो उचललेला असतो.

शिवराईला आणखी एक सोपी कसोटी आहे. ही नाणी हाताने ठोकून पाडलेली. साचा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून अख्खा मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. एखाद्यावर ‘श्री’ कापली जाते, एखाद्यावर ‘पति’ अर्धं उरतं. तडे, कोपरे, वाकडी कड हे सगळं चालतं. साहजिकच दोन शिवराया तंतोतंत सारख्या असूच शकत नाहीत. तीन वेगळ्या विक्रेत्यांकडे त्याच जागी तडा आणि त्याच जागी कापलेली ‘श्री’ दिसली, तर एकतर फोटो चोरलेला आहे किंवा एका नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली पोरं आहेत. ओतीव नाण्याची अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसतात, अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, आणि कडेवरून बोट फिरवलं तर कधी कधी जोडाची रेघ लागते. पूर्ण मजकूर, गोल गरगरीत कड, दोन्ही बाजूंनी मधोमध बसलेला ठसा अशी देखणी शिवराई दिसली की मला आनंदापेक्षा शंका जास्त येते.

हिरवटपणाचंही तेच. जमिनीतून निघालेल्या तांब्यावर चढणारा हिरवा थर पातळ आणि टणक असतो. रंगवलेला थर शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने उतरतो, खरा उतरत नाही. पण ही परीक्षा घरी आल्यावरची. आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. घासून लखलखीत केलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने जखमी असतं, त्याची किंमत निम्म्यावर येते. जाहिरातीतलं तीनशे वर्षांचं तांबं गुलाबी, चकचकीत दिसत असेल तर ते आधीच घासून झालेलं आहे.

चांदीच्या रुपयांची गोष्ट वेगळी. तिथे लेबल बहुतेक वेळा खरं असतं, कारण साल नाण्यावरच छापलेलं. खोटा असतो तो धातू, नाहीतर दुर्मिळपणा. १८६२ चा राणीछाप ‘दीडशे वर्षांपूर्वीचा दुर्मिळ रुपया’ म्हणून विकणारे रोज दिसतात. प्रत्यक्षात १८७४ पर्यंत टांकसाळी नाण्यावर १८६२ हेच साल टाकत होत्या, त्यामुळे तो ढिगाने आहे. कंपनीच्या १८४० च्या रुपयाचंही तसंच, पुढची अनेक वर्षं तेच साल. १९११ चा पाचव्या जॉर्जचा ‘डुकराचा रुपया’ आणखी प्रसिद्ध. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली, पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट काढली. गोष्ट फक्कड आहे, किंमतही थोडी जास्त असते, पण लाखाचा माल तो नव्हे.

लाखाच्या घरात बोलला जाणारा रुपया म्हणजे १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा. फार थोडे बाहेर पडले, बाकीचे वितळवले गेले, आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. या रुपयाने मलाही एकदा शिकवलंय. संग्रह करायला लागून बारा-तेरा वर्षं झाली होती, म्हणजे नेमकी ती अवस्था जिथे आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. एका ओळखीच्या विक्रेत्याने ऑनलाइन दाखवला, बाजारभावापेक्षा बराच खाली. मी वजनाचा फोटो मागवला: ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. घरी आल्यावर घनता काढली, चांदी बरोबर. वाजवला, खणखणीत. तीन दिवस मी हवेत होतो. चौथ्या दिवशी एका जुन्या संग्राहकाने दहापट भिंगाखाली धरला आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. ‘९’च्या शेपटीभोवती बारीक ओरखडे होते. १९३८ चा रुपया घेऊन कुणीतरी ‘८’ कोरून ‘९’ केला होता. चांदी खरी, वजन खरं, टांकसाळ खरी, फक्त एक आकडा खोटा. विक्रेत्यालाही माहीत नव्हतं असं तो म्हणाला. परतीबद्दल आधी काही ठरलंच नव्हतं, तेव्हा त्याचं म्हणणं मान्य करण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. ज्या एका आकड्यासाठी किंवा ज्या एका खुणेसाठी आपण जास्त पैसे देतो, तिचा मोठा केलेला फोटो वेगळा मागायचा. आणि परतीचं आधी, लेखी ठरवायचं. ‘सात दिवसांत, कुठलंही कारण न विचारता, परतीचा खर्च माझा’ एवढं व्हॉट्सॲपवर आलं तरी पुरे. जो हे लिहून देत नाही, त्याच्याकडून पाचशे रुपयांच्या वरचं नाणं मी घेत नाही, मग तो कितीही गोड बोलो.

घनतेचं म्हटलं म्हणून पद्धत सांगतो, घरी होते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, हल्ली स्वस्तात मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काट्यावर येईल तो आकडा. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. राणीछाप किंवा १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, घनता १०.३ च्या आसपास, म्हणजे काट्यावर साधारण १.१३ यायला हवं. जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे नावापुरतीच चांदी असलेल्या मिश्रधातूचं असेल तर हाच आकडा १.३ च्या वर जातो. होनासारख्या छोट्या नाण्याला ही कसोटी लावू नका, आकडा इतका लहान येतो की दोऱ्याला चिकटलेला बुडबुडासुद्धा निकाल फिरवतो. लोहचुंबकही जवळ ठेवा: चांदी, तांबं चिकटत नाही. फक्त १९४७ चा वाघाचा रुपया चिकटला म्हणून घाबरू नका, तो निकेलचाच आहे आणि निकेलला चुंबक ओढतो.

‘प्रमाणपत्रासह’ या शब्दावर थोडं बोलायलाच हवं. लॅमिनेट केलेलं, सोनेरी किनारीचं, ‘अस्सल’ असं छापलेलं कार्ड कुणीही छापू शकतो. विक्रेत्याने स्वतःच स्वतःच्या मालाला दिलेल्या दाखल्याला काय किंमत द्यायची? रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांना दाखले देत नाही आणि त्यांच्या खरेदी-विक्रीतही पडत नाही. तिच्या नावाने कमिशन आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. ज्यांच्या तपासणीला बाजारात वजन आहे अशा दोन अमेरिकन संस्था म्हणजे पीसीजीएस आणि एनजीसी. त्या नाणं बंद प्लॅस्टिकच्या डबीत घालून क्रमांक देतात, आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. डबीही बनावट निघते, तेव्हा क्रमांकावर न थांबता तिथे फोटो असेल तर तो आपल्या नाण्याशी ताडून पाहा. दुदांडीसाठी हा खटाटोप करू नका, तपासणीचा खर्च नाण्यापेक्षा जास्त होईल.

पैशांचं थोडक्यात. अनोळखी माणसाला पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. परत करायची सोय असलेल्या बाजारमंचावरून घ्या, क्रेडिट कार्ड चालत असेल तर तेच वापरा, वाद घालायला जागा राहते. पैसे ‘मिळण्यासाठी’ पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक असूनही दर आठवड्याला कुणीतरी फसतं. पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून नाणं हातात येईपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. फसलातच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायची हीच वेळ असते. वस्तू वेगळी आली आणि दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कायद्याच्या दोन बाबी तुमच्या शिवराईला थेट लागू होतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. देशात ते विकत घ्यायला, बाळगायला अडचण नाही, पण परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे भाऊ अमेरिकेत असेल तर त्याच्यासाठीही एक घेऊन कुरिअरने धाडायचा विचार करू नका. पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. विचारून बघा, उत्तरावरून माणूस कळतो. दुसरी बाब: ‘परवाच शेतात हंडा सापडला’ हे ऐकलं की फोन ठेवा. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ पासून हा कायदा आहे. हंडेवाला खोटं बोलत असेल तर तुम्ही फसाल, खरं बोलत असेल तर अडकाल. अद्भुत शक्ती आहे म्हणून ‘तांदूळ ओढणारं’ तांब्याचं नाणं विकणारे ठग याच जातीचे, त्यांच्याबद्दल जास्त शाई खर्च करत नाही.

मग घ्यायचं कुठून? तुमच्या जागी मी असतो तर पहिलं नाणं ऑनलाइन घेतलंच नसतं. पुण्यामुंबईत नाणेसंग्राहकांच्या संस्था दरवर्षी प्रदर्शनं भरवतात, तिथे एका टेबलावर पन्नास शिवराया हातात घेऊन बघता येतात, आणि तासाभरात डोळ्याला जे कळतं ते महिनाभर फोटो बघून कळत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय. वडिलांना घेऊन जायला दोन्ही छान. तुम्हाला महिनाभराचीच मुदत आहे म्हणून ऑनलाइनच घ्यायचं असेल, तर मुंबईचं टोडीवाला, बंगळूरचं मरुधर, अहमदाबादचं क्लासिकल अशी जुनी लिलावघरं आहेत. त्यांचे झालेले लिलाव आणि मिळालेले भाव चाळले तरी बाजाराचा अंदाज येतो. फक्त लक्षात ठेवा, हातोडा पडला त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन आणि कर वेगळा लागतो. अटी वाचून मगच बोली लावा.

आणि १९९९ चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं कुणी हजारांत देत असेल तर घेऊ नका, ते चलनात फिरलेलं साधं नाणं आहे. एखाद्या मित्राच्या गल्ल्यात निघेल.

तुमच्यासाठी माझा सल्ला दुदांडीचा. हजार रुपयांच्या आत दोन-तीन वेगवेगळ्या घ्या, एक ‘शिव’वाली, एक ‘सिव’वाली, शक्य तर एखादी कापलेल्या अक्षराची. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: ‘दुदांडी शिवराई, उत्तर मराठा काळ, तांबं’, आणि प्रत्येकीचं वजन. शिवकालीन आहे असं वडिलांना सांगू नका; इतिहासाचे शिक्षक आहेत, दोन रेघा पाहून त्यांना कळेलच. विक्रेत्याला पाठवायचा निरोप इथे लिहून देतो, तसाच चिकटवा:

‘नमस्कार. आपल्याकडच्या दुदांडी शिवरायांपैकी तीन हव्या आहेत. प्रत्येकीचा काट्यावरचा फोटो, कडेचा फोटो आणि शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी असा फोटो पाठवावा. सात दिवसांत परत घेण्याची तयारी असल्यास तसं लिहून कळवावं. घासलेली किंवा पॉलिश केलेली नाणी नकोत. बिल लागेल.’